रंगाचा डबा शेवटी उघड

पोरी, बदलापूरच्या भाड्याच्या घरात तू एक जुनं कपाट, दोन खुर्च्या आणि टीपॉय आणून ठेवलंस हे कळल्यापासून माझे हात शिवशिवतायत. तू फोनवर विचारलंस, ‘आजोबा, चॉक पेंट मारू का? त्याला म्हणे घासावंही लागत नाही.’ हो किंवा नाही एवढ्यावर भागणारा प्रश्न नाही हा, म्हणून लिहायला बसलो. चाळीस वर्षं मी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात पॉलिशचं काम केलं. त्या हातांना जे कळलं ते तुझ्यापर्यंत यावं, एवढीच इच्छा आहे.

उल्हासनगर म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिथल्या बराकींत राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं. अजून आपण पत्ता सांगताना कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर पाच असंच सांगतो. माझे उस्ताद त्या बराकींत वाढलेले. आईवडील अंगावरच्या कपड्यांनिशी आले होते. अशा घरातला मुलगा लाकडाकडे कसा बघतो ते मी रोज पाहिलं. खुर्चीचा एक पाय मोडला तर उरलेले तीन ते माळ्यावर जपून ठेवत. दुसऱ्या कुठल्या तरी खुर्चीला ते लागणारच, अशी त्यांची खात्री असे, आणि लागतही.

त्यांनी मला पहिले सहा महिने ब्रशला हात लावू दिला नाही. फक्त घासायला आणि वास घ्यायला लावलं. हो, वास. लाकूड ओळखता आल्याशिवाय त्याला काय लावायचं ते ठरत नाही. तुझ्या कपाटाचं पहिलं काम तेच.

खण बाहेर काढ आणि त्याची मागची कड बघ, जिथे कुणी पॉलिश केलेलं नसतं. एकावर एक पातळ थर दिसले तर प्लाय. भुसा दाबून केल्यासारखं दिसलं तर त्याच्यावर पैसे घालू नकोस. अखंड रेषा कडेपर्यंत गेलेल्या दिसल्या तर खरं लाकूड. मग कोपऱ्यात पॉलिश पेपरचे चार हात मार आणि नाक जवळ ने. सागाला चामड्यासारखा तेलकट वास येतो आणि आतून सोनेरी तपकिरी रंग निघतो. शिसव काळपट, गडद रेघांचं आणि उचलताना हाताला जड. आंबा फिका आणि हलका, त्यावर बऱ्याचदा सागाचा रंग चढवून विकलेलं असतं.

साग किंवा शिसव निघालं, आणि फळ्या एकसारख्या असल्या, तर चॉक पेंट लावू नकोस. याबाबतीत मी हट्टी आहे. रंग एकदा त्या लाकडाच्या छिद्रांत बसला की पुन्हा पूर्ण निघत नाही. असं लाकूड नुसतं साफ करून पॉलिश केलं तरी उजळतं, आणि खर्चही कमी येतो. चॉक पेंट कशाला? आंब्याच्या लाकडाला. चार झाडांची लाकडं जोडून केलेल्या कपाटाला. इस्त्रीचा डाग पडलेल्या, शाई सांडलेल्या टीपॉयला. जिथे एका दाराला साग आणि दुसऱ्याला प्लाय आहे तिथे. अशा वस्तू लोक भंगारात देतात, आणि त्यांना हा रंग खरोखर नवं आयुष्य देतो. त्यासाठी मला तो आवडतो.

हा रंग आपल्याकडचा जुना नव्हे. इंग्लंडमधल्या ॲनी स्लोन बाईंनी १९९० साली तो बाजारात आणला. खडूसारखा मऊ, अजिबात न चमकणारा, आणि जुन्या रंगावरही धरणारा. घासावं लागत नाही हे जे म्हणतात, ते स्वच्छ आणि चमक उतरलेल्या लाकडापुरतं खरं. आपल्याकडच्या कपाटावर वर्षानुवर्षांची फोडणीची वाफ, हाताचं तेल, अगरबत्तीचा धूर बसलेला असतो. त्यावर मारलेला कुठलाही रंग नखाने सोलून निघतो.

आता जुनं पॉलिश कुठलं आहे ते ओळख. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून मागच्या बाजूला अर्धा मिनिट दाबून धर. बोळा चिकटला, तपकिरी झाला, तर चपड्याचं जुनं पॉलिश आहे, म्हणजे लाखेचं. त्यावर काम करणं सोपं. स्पिरिटने काही झालं नाही तर तसंच थिनरने कर. थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी हाललं नाही तर मेलामाइन, पीयू किंवा ऑइल पेंट समज. मेलामाइन काचेसारखं गुळगुळीत असतं, त्यावर रंगाला पकडच मिळत नाही. ते १२० नंबरच्या पेपरने पूर्ण निस्तेज होईपर्यंत घासावंच लागेल.

इथे एक गोष्ट काळजीने सांगतो. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असे. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. तुझं कपाट त्याच्या आधीचं आहे. त्यावर ऑइल पेंटचे थर असतील तर कोरडं घासू नकोस. पाण्याचा पेपर घे, ओला करून घास, निघालेला चिखल फडक्याने टिपून पिशवीत बांधून टाक, तोंडाला चांगला मास्क लाव. शेजारच्या वहिनींची लहानगी तुझ्याकडे खेळायला येते म्हणालीस, तिला त्या दिवशी येऊ देऊ नकोस. आम्ही तरुणपणी तोंडाला रुमालसुद्धा न बांधता दिवसभर घासत असू. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून तू तसं करायचं नाहीस.

घासण्याआधी धुणं. अर्धी बादली कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घाल, फडकं घट्ट पिळून पूस, मग साध्या पाण्याने दोनदा. पाणी ओतायचं नाही. जे पॉलिशमध्येच ठेवायचं आहे त्याला मात्र सोडा नको, लाकूड काळवंडतं. तिथे साबणाचं सौम्य पाणी पुरे. मग एक पूर्ण दिवस वाळू दे.

खुर्च्या डुगडुगतात म्हणालीस. खिळा ठोकू नकोस. जुन्या लाकडात खिळा गेला की सांधा चिरतो आणि मग सुतारही काही करू शकत नाही. सांधा हलकेच मोकळा कर, आतला वाळलेला जुना डिंक चाकूने खरवड, फेव्हिकॉल भर आणि जोड. शिकंजा विकत आणायची गरज नाही. चारही पायांभोवती सुतळीचे दोन वेढे घे, मध्ये एक लाटणं घालून पीळ दे, पीळ घट्ट झाला की लाटणं आडव्या पट्टीला अडकवून ठेव. दुसऱ्या दिवशी सोड. माझ्या उस्तादांच्या दुकानात शिकंजे होते, तरी ते खुर्चीला सुतळीच वापरत, कारण सुतळी चारही बाजूंनी सारखी ओढते.

खण अडकत असेल तर कडेला मेणबत्ती घास. आणि पावसाळ्यात अडकणारा खण रंध्याने तासू नकोस! तो दमट हवेने फुगलेला असतो. जुलैत तासलास तर मे महिन्यात त्यातून बोट जाईल एवढी फट दिसेल.

कपाटाच्या तळाशी पिठासारखा बारीक भुसा आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर कीड जिवंत आहे. हार्डवेअरच्या दुकानातून लाकडाच्या किडीचं औषध आण, हातमोजे घाल, इंजेक्शनच्या सिरिंजने एकेका भोकात सोड, आठ दिवस थांब, मग भोकं बुजव. त्या आधी रंग लावलास तर रंगाखाली कीड आपलं काम करत राहते.

अजून एक विचार. तू राहतेस तो भाग नदीपासून फार दूर नाही. २६ जुलै २००५ला उल्हास नदीचं पाणी घराघरांत शिरलं, आणि २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, ते तुला आठवत असेल. त्या दोन्ही पुरांनंतर लोक फर्निचर घेऊन माझ्याकडे आले. प्लायचं बहुतेक गेलं, थर सुटले की ते परत बसत नाहीत. अखंड लाकडाचं पुष्कळसं वाचलं, पण ज्यांनी घाईने कडक उन्हात ठेवलं त्यांच्या फळ्या तडकल्या. भिजलेलं लाकूड सावलीत, वाऱ्यावर, खाली विटा घालून, महिनाभर वाळवायचं. तुझं कपाट कुठून आलं ते माहीत नाही, म्हणून त्याचे पाय तपास. खालच्या वीतभर भागात पाण्याची रेघ आणि मऊपणा असेल तर आधी तो पूर्ण सुकू दे. कपाट जागेवर ठेवशील तेव्हा पायांखाली रबराच्या चकत्या घाल, आणि भिंतीपासून चार बोटं लांब ठेव. आपल्याकडच्या भिंती पावसात घाम गाळतात.

भेगा आणि खड्डे बुजवायला भिंतीची पुट्टी वापरू नकोस. त्यात सिमेंट असतं. लाकूड ऋतूप्रमाणे हलतं, ती हलत नाही, मग तडकून पडते. घासताना निघालेला लाकडाचा बारीक भुसा फेव्हिकॉलमध्ये कालव, घट्ट भर, वाळला की सपाट घास. पैसे शून्य. नंतर सगळं १८० नंबरच्या पेपरने, नेहमी रेषांच्या दिशेने. आडवं घासलेलं रंगाखालूनही दिसतं.

आता येतो त्या पायरीवर, जी सगळे वगळतात. मीही वगळली होती. सागाच्या टीपॉयवर पांढरा रंग हवा होता एका गिऱ्हाइकाला. मी साफ केलं, घासलं, रंग मारला, सुरेख दिसलं. चौथ्या दिवशी पांढऱ्यातून चहासारखे डाग वर आले. दुसरा हात मारला, पुन्हा आले. तिसरा मारला, पुन्हा. लाकडातला कस पाण्याच्या रंगात विरघळून वर येत होता. उस्तादांनी सगळा रंग माझ्याकडूनच उतरवून घेतला, दोन दिवस लागले, आणि मग चपड्याचे दोन हात द्यायला लावले. त्यावर मारलेला पांढरा पांढराच राहिला.

चपडा म्हणजे लाख. दाणेदार किंवा पापडीसारखा मिळतो. प्रमाण एक लिटर स्पिरिटला १५० ग्रॅम. तुला २०० मिलीला ३० ग्रॅम पुरेल. काचेच्या बाटलीत रात्री भिजव, सकाळपर्यंत विरघळतो. लोखंडी डब्यात नको, काळा पडतो. कापसाचा गोळा मलमलच्या फडक्यात गुंडाळून त्याने लांब, सरळ हात दे. एकदा फिरवलं त्या जागेवर ओलं असताना परत जायचं नाही. अर्ध्या तासाने दुसरा हात. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवाजवळचा दिवा विझलेला. स्पिरिट पेट घ्यायला वेळ लावत नाही.

एवढं झालं की रंग. बाहेरचा डबा महाग पडतो. घरी कर. तीन वाट्या पाण्याचं इमल्शन, एक वाटी प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा खडूची पूड, आणि पूड कालवण्यापुरतं पाणी. पैसे वाचवायला डिस्टेंपर घेऊ नकोस. त्यात धरून ठेवणारा अंश कमी, वर पूड घातली की हाताला पांढरं लागत राहील. इमल्शन चांगलं घे, कमी घे. रंगाच्या दुकानात विचार, कुणाची छटा चुकून मिसळलेला आणि परत आलेला डबा असेल तर स्वस्तात देतात. कपाटाला दोन हातांत साधारण एक लिटर पुरतं.

पूड थेट रंगात टाकलीस तर गुठळ्या होतात. आधी पाण्यात कालव, ताकासारखी सारखी झाली की इमल्शनमध्ये ओतून ढवळ, जुन्या ओढणीतून गाळ. प्लास्टर घट्ट होत जातं, म्हणून एका वेळी तासाभरात संपेल तेवढंच. खडूची पूड घट्ट होत नाही, शिकणाऱ्याला तीच बरी. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतायचं नाही, नळीत दगड होतो. कागदावर वाळवून कचऱ्यात टाक. रांगोळी चालेल का असं विचारशील. नाही, ती जाडसर असते, बोटाला खरखर लागते. चुनाही नको.

पहिला हात पातळ दे, लाकूड मधून मधून दिसलं तरी चालेल. घाबरून जाड थर देऊ नकोस. दोन तासांनी २२० नंबरचा पेपर हलकेच फिरव, पूस, मग दुसरा हात. ब्रश एक चांगला असला की झालं.

कडा घासून मुद्दाम जुनं दाखवायची पद्धत आहे. करायची असेल तर एवढं बघ की माणसाचा हात खरोखर कुठे लागतो. मुठीभोवती, दाराच्या उघडणाऱ्या कडेला, खुर्चीच्या हाताच्या टोकाला. तिथेच झिजव. जिथे कधी कुणाचा हात पोचत नाही अशा कोपऱ्यात झिजवलेलं डोळ्याला खटकतं, कारण कळलं नाही तरी.

वर काही लावलं नाही तर हा रंग पाण्याचा प्रत्येक थेंब पितो. मेण लावतात. मधमाशीचं मेण एक भाग, टर्पेंटाइन चार भाग. मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळव, शेगडी बंद कर, भांडं बाजूला ने, मग टर्पेंटाइन घाल. शेगडीजवळ कधीही नाही. थंड झालं की लोण्यासारखं होतं. फडक्याने पातळ चोळ, दुसऱ्या दिवशी सुती कपड्याने घास. कपाट आणि खुर्च्यांना हे शोभतं. टीपॉयला नको. त्यावर चहाचा कप येणार, आणि आपल्या उन्हाळ्यात मेण मऊ पडून धूळ धरतं. टीपॉयला पाण्याचं मॅट वॉर्निश, तीन पातळ हात. आणि कुठेही जवसाचं तेल वापरलंस तर ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नकोस, दोरीवर पसरून वाळव. तेलाचं गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं.

हे सगळं कधी करायचं? अंबरनाथच्या शिवमंदिराची महाशिवरात्रीची जत्रा उठली की सुरू कर, आणि मृग लागायच्या आत संपव. आमच्या बाजारात गणपतीआधी झुंबड असे, लोकांना चौरंग आणि मखर नवं हवं असे, आणि पाऊस धो धो. दमट हवेत चपडा दुधाळ होतो. एकदा एका घरचा चौरंग मी चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी दिला आणि रात्रीत त्यावर पांढरी साय आली. त्या माऊलीने त्यावर लाल कापड अंथरून बाप्पा बसवले, मला एक शब्द बोलली नाही. विसर्जनानंतर मी स्वतः जाऊन, ऊन पडलेला दिवस पाहून, स्पिरिटचं नुसतं ओलसर फडकं फिरवून तो साफ करून दिला. त्यानंतर पावसात पॉलिशला मी नाही म्हणायला शिकलो.

राहिलं एक. खणांच्या आत रंग लावू नकोस. खण घासतात, रंग चिकटतो, कपड्यांना लागतो. आणि आत पेन्सिलने काही लिहिलेलं असेल तर बघ. एक, दोन, तीन, किंवा ‘डावं’, ‘उजवं’. कपाट करणाऱ्या सुताराने कुठला खण कुठे जातो ते स्वतःसाठी लिहून ठेवलेलं असतं. ते पुसू नकोस, आणि खण त्याच क्रमाने परत घाल, तरच नीट सरकतील.

येत्या रविवारी मी येतो. चपडा शनिवारी रात्री भिजवून बाटली पिशवीत उभी आणीन, फर्निचर बाजारातून माझी जुनी घासायची लाकडी ठोकळीही मागून आणतो, ती अजून दुकानात आहे. तू तोवर मुठी आणि बिजागऱ्या काढून स्क्रूसकट एका डब्यात ठेव, कपाट साबणाच्या सौम्य पाण्याने पुसून वाळव, आणि त्या दोन खुर्च्या सुतळीने आवळून ठेव. रंग आणू नकोस अजून. लाकूड पाहून छटा दोघं मिळून ठरवू.